साहेब आहेत का?

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरून अंबाडी रोडनं चालायला लागलं की इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर पाट्यांची दाटी दिसते. सीए, वकील, नोटरी, आर्किटेक्ट, जीएसटी सल्लागार, कंपनी सेक्रेटरी. एकेका जिन्यात चार-चार. यातल्या कुठल्याही दाराशी दहा मिनिटं उभं राहून बघा. येणारा माणूस चपला काढता काढता एकच प्रश्न विचारतो, "साहेब आहेत का?"

आत पाच-सहा जण मान खाली घालून बसलेले असतात. ज्या कामासाठी तो आलाय, ते त्यांच्यापैकीच कोणीतरी केलेलं असतं. "साहेब बाहेर गेलेत, बोला ना, तुमचं मीच बघते," असं एखादी मुलगी म्हणते. तो तिच्याकडे बघून कसनुसं हसतो, "नको, मी उद्या येतो," म्हणतो आणि पुन्हा चपला घालतो.

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएकडच्या उमेदवारीच्या काळात अशाच एका मुलीच्या शेजारच्या टेबलावर मी बसत होतो. तेव्हा या प्रश्नाचा राग यायचा. आता वाटतं, सल्ला आणि सही यांच्यावर चालणाऱ्या ऑफिसाची सगळी पुंजी या तीन शब्दांत आहे आणि ते ऑफिस एका मर्यादेपुढे वाढत का नाही, याचं कारणही तिथंच आहे.

वालीवला गाळा असलेल्या एखाद्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्याच्या ऑर्डरी वाढल्या तर तो दुसरं मशीन घेतो. बँक त्या मशीनवर कर्ज देते, कारण हप्ते थकलेच तर मशीन उचलून नेता येतं. सीएनं कर्ज मागितलं तर बँकेला दाखवायला त्याच्याकडे काय असतं? टेबल-खुर्च्या, पाच कॉम्प्युटर आणि कपाटातल्या फायली. बरं, एखादा पैसेवाला भागीदार गाठावा तर तीही सोय नाही. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याला जोडलेल्या पहिल्या परिशिष्टानुसार, मोजके अपवाद सोडले तर सीएला आपली फी किंवा नफा व्यवसायाबाहेरच्या माणसाशी वाटून घेता येत नाही. काम मागत फिरायचं नाही. नफ्याच्या टक्केवारीवर फी ठरवायची नाही, त्यालाही थोडेच अपवाद. दुसऱ्या सीएकडचं ऑडिट आपल्याकडे आलं तर ते घेण्याआधी त्याला लेखी कळवायचं. बोलीभाषेत याला सगळे 'एनओसी' म्हणतात. जाहिरातीलाही मनाई. वकिलांना बार कौन्सिलचा नियम ३६ असाच बांधून ठेवतो. अलीकडे संकेतस्थळं वगैरे चालतात, बंधनं थोडी सैल झालीत, पण मूळ वळण तेच आहे. त्यामुळे अंबाडी रोडवर कोचिंग क्लासचा वीस फुटी फलक दिसतो आणि त्याच इमारतीतल्या सीएची पाटी मात्र शोधावी लागते.

(या मंडळींना 'धंदा' हा शब्द आवडत नाही. ते 'प्रॅक्टिस' म्हणतात. आमचे साहेब म्हणायचे, धंद्यात नफा होतो, प्रॅक्टिसमध्ये सप्टेंबर होतो.)

पैसा बाहेरून आणता येत नाही, जाहिरात करता येत नाही. मग वाढायचं ते माणसांच्या जोरावर. आणि ही मशिनरी अशी, की संध्याकाळी सातला डबा पिशवीत टाकते आणि घरी जाते.

कामाला इथं तोटा नाही. ३ जुलै २००९ ला वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं एकत्र करून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली, पेल्हार इथले गाळे, पश्चिमेला घरांच्या सोसायट्या. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा. त्यानुसार प्रत्येक सोसायटीचं दरवर्षी ऑडिट व्हावं लागतं, तेही सरकारच्या नामतालिकेवरच्या लेखापरीक्षकाकडून, आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. विरारमध्ये एका रस्त्यावर उभं राहून दिसतील तेवढ्या इमारती मोजा, तेवढी ऑडिटं.

पण सरकार जे काम देतं, ते काढूनही घेतं. आयकर कायद्यात ४४एबी हे कलम आलं १९८४ च्या वित्त कायद्यानं. धंद्याची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की हिशेब सीएकडून तपासून घेणं सक्तीचं झालं. कित्येक लहान ऑफिसांची चूल या एका कलमावर पेटली. २०१० च्या अर्थसंकल्पात मर्यादा ६० लाख झाली, २०१२ मध्ये १ कोटी. २०२० मध्ये, ज्यांची रोखीतली जमा आणि रोखीतला खर्च प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आत आहे त्यांच्यासाठी ती ५ कोटींवर गेली आणि पुढच्याच वर्षी १० कोटींवर. गाळेवाल्यांचे बहुतेक व्यवहार बँकेतूनच होतात. म्हणजे काल ज्याचं टॅक्स ऑडिट होतं, असा तीन-चार कोटींचा गाळेवाला एका अर्थसंकल्पानिशी यादीतून गेला. ज्या ऑफिसांनी तीस वर्षं फक्त तेच केलं, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. वाचवलं ते त्याआधीच, १ जुलै २०१७ ला आलेल्या जीएसटीनं. वर्षाला एकदा येणारा गाळेवाला आता दर महिन्याला फोन करू लागला. ११ तारीख, २० तारीख. ऑफिसाला पगारासारखी मासिक आवक सुरू झाली आणि डोकेदुखीही मासिकच झाली.

बाहेरच्या जगात अशा सल्ल्याच्या ऑफिसांवर सर्वांत नेमकं लिहिणारा माणूस म्हणजे डेव्हिड मेस्टर. मूळचा इंग्लंडचा, हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवायचा. 'मॅनेजिंग द प्रोफेशनल सर्व्हिस फर्म' हे त्याचं पुस्तक १९९३ चं. त्यानं सल्लागारांच्या कामाचे तीन प्रकार पाडले. पहिलं काम डोक्याचं: पूर्वी कोणी सोडवलेलाच नाही असा प्रश्न. दुसरं पिकल्या केसांचं: प्रश्न नवा नाही, पण तो ज्यानं वीस वेळा बघितलाय त्यालाच नीट उमगतो. तिसरं पद्धतीचं: पायऱ्या ठरलेल्या आहेत, चुका न करता वेळेवर करणं एवढंच. तो पुढे सांगतो की प्रत्येक प्रकाराला एका अनुभवी माणसामागे शिकाऊ हात किती लागतात, हे वेगळं असतं. डोक्याच्या कामाला थोडे, पद्धतीच्या कामाला पुष्कळ. हे प्रमाण चुकलं की एक तर ऑफिस तोट्यात जातं, नाहीतर माणसं कंटाळून निघून जातात.

वसईतल्या ऑफिसात हे तिन्ही प्रकार एकाच टेबलावर असतात. सोसायटीचं ऑडिट आणि जीएसटी रिटर्न हे पद्धतीचं काम. आयकर खात्याच्या नोटिशीला उत्तर, बँकेच्या कर्जासाठीचा प्रोजेक्ट रिपोर्ट, भावाभावांतली भागीदारी मोडतानाचा हिशेब, हे पिकल्या केसांचं. डोक्याचं काम वर्षातून एखादं येतं आणि ते आलं की साहेब खूष असतात.

आता थोडं गणित. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. साठ फ्लॅटच्या सोसायटीचं ऑडिट, फी ९,००० रुपये. आर्टिकलचे १४ तास, सीनियरचे ३ तास, साहेबांचा एक तास. स्टायपेंड, जागाभाडं, वीज सगळं धरून आर्टिकलचा तास १२० रुपयांना पडतो, सीनियरचा ३०० ला. साहेबांचा तास १,५०० धरू. हा त्यांचा पगार नव्हे, तो तास त्यांनी दुसऱ्या कामाला दिला असता तर मिळाले असते ते पैसे. खर्च झाला १,६८० अधिक ९०० अधिक १,५००, म्हणजे ४,०८०. उरले ४,९२०. आता हेच ऑडिट साहेबांनी स्वतः केलं तर? ते जलद करतील, नऊ तासांत. पण नऊ तासांचे १३,५०० झाले. खिशातून ४,५०० घालून सोसायटीचं ऑडिट करून दिल्यासारखं. बहुतेक साहेबांना हे कळतं आणि ते काम खाली सोपवतात.

खरी गळती पुढे आहे. काम सोपवलं, पण विश्वास सोपवला नाही. आर्टिकलनं लिहिलेला प्रत्येक आकडा साहेब पुन्हा तपासतात. एका तासाचे चार तास होतात. १,६८० अधिक ९०० अधिक ६,०००. खर्च ८,५८०, उरले ४२०. ऑफिस दिवसभर गजबजलेलं असतं, रात्री नऊपर्यंत दिवे असतात, आणि मार्चअखेर आपल्या स्वतःच्याच ऑफिसाचा नफा बघून सीएला आश्चर्य वाटतं. मी बघितलेल्या बहुतेक लहान ऑफिसांचं दुखणं कमी काम हे नव्हतं, कमी फी हेही नव्हतं. ते दुखणं या तीन जादा तासांत होतं.

यावर औषध कागदाचं आहे आणि म्हणूनच कोणाला आवडत नाही. मागच्या वर्षीची चूक यादीत लिहून ठेवायची. सिंकिंग फंडाचं व्याज कुठल्या खात्यात गेलं, मोबाइल टॉवरच्या भाड्यावर जीएसटी बघितला का, कार्यकारिणीनं ठरावाविना केलेले खर्च कुठले, ट्रान्स्फर फी नियमाबाहेर घेतली का. अशी चाळीस प्रश्नांची यादी भरून आर्टिकलनं सही केली की साहेबांना आकडे बघायचे नसतात, उत्तरं बघायची असतात. साहेबांच्या डोक्यातली वीस वर्षं कागदावर उतरवायला लागतात, आणि तेवढा वेळ काढायला साहेबांना वेळ नसतो. हे चक्र ज्यांनी एका दिवाळीच्या सुट्टीत नेटानं बसून मोडलं, त्यांची ऑफिसं पुढे सरकली.

यादी हवीच, कारण आर्टिकल टिकत नाही, ते टिकण्यासाठी नसतंच. पूर्वी तीन वर्षांची आर्टिकलशिप होती. जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. पहिले सहा महिने शिकण्यात जातात, शेवटच्या महिन्यांत मन परीक्षेत असतं. हाताशी येतं ते मधलं वर्ष. तेवढ्यात त्याच्याकडून काम करून घ्यायचं तर ज्ञान माणसाच्या डोक्यात ठेवून भागत नाही, ते ऑफिसात ठेवावं लागतं.

आणि ही मुलं मिळवायची कुठून? वसई-विरारच्या ऑफिसाची सर्वांत मोठी स्पर्धा शेजारच्या जिन्यातल्या सीएशी नाही, ती चर्चगेटशी आहे. हुशार मुलाला फोर्टातल्या मोठ्या फर्मचं नाव हवं असतं. ते बरोबरही आहे. तिथं मोठ्या कंपन्यांची ऑडिटं बघायला मिळतात. पण विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास, तेही उभ्यानं, आणि विरार लोकलमध्ये उभं राहण्यालाही कौशल्य लागतं. त्या गर्दीत मोबाइल डोळ्यांपुढे धरून रिव्हिजन लेक्चर ऐकणारी पोरं मी बघितली आहेत. ते तीन तास हे वसईच्या ऑफिसाचं न वापरलेलं भांडवल आहे. "सहाला सोडतो, पावणेसातला घरी, नऊपर्यंत अभ्यास," असं जो साहेब नुसतं म्हणत नाही तर खरंच सोडतो, त्याच्याकडे मुलं येतात. गडबड अशी होते की बरेच साहेब चर्चगेटचा पगार देत नाहीत आणि थांबवतात मात्र चर्चगेटइतकंच.

फीच्या बाबतीत मात्र आमच्याकडे एक गंमत आहे. गाळेवाला फोन करतो, "साहेब, दोनच मिनिटं." गावाकडची जमीन विकायचीय, आलेल्या पैशांत नवा गाळा घेऊ की फ्लॅट? साहेब जिन्यातून उतरता उतरता सांगतात. त्या दोन मिनिटांनी त्याचे काही लाख वाचतात. बिल शून्य. पुढच्या महिन्यात तोच माणूस जीएसटी रिटर्नच्या फीत पाचशे रुपये कमी करा म्हणून अर्धा तास बसतो. पिकल्या केसांचं काम फुकट जातं आणि पद्धतीच्या कामावर घासाघीस होते. यात गाळेवाल्याचा दोष नाही. त्याला रिटर्न दिसतं, पावती दिसते, सल्ला दिसत नाही. जी गोष्ट कागदावर येत नाही तिचे पैसे कोण देणार? आमच्या ओळखीच्या एका बाईंनी साधी युक्ती केली. फोनवर सल्ला दिला की संध्याकाळी चार ओळींचं ईमेल: आज असं बोलणं झालं, असा सल्ला दिला, हे कागद जपून ठेवा. वर्षअखेर अशी नऊ ईमेलं जोडून त्यांनी बिल पाठवलं. एक जण चिडला आणि दुसरीकडे गेला. बाकीच्यांनी दिलं.

वसईत पैसे मागणं अवघडच असतं, कारण इथं नुसता व्यवहार नसतो. निर्मळच्या जत्रेत भेट होते, गिरीजच्या लग्नात शेजारच्या खुर्चीवर तोच बसलेला असतो, चर्चमध्ये मागच्या बाकावर त्याचं कुटुंब. "घरचेच आहात, देतो हो," याच्यावर उत्तर नाही. आमच्या ऑफिसात एका शेतकऱ्यानं फीऐवजी सुकेळीचा डबा आणून दिला होता. डबा आम्ही संपवला आणि पुढच्या वर्षी साहेबांना फी मागायला तोंड राहिलं नाही. उपाय इतकाच, की थकलेल्या फीचा फोन साहेबांनी करायचा नाही. तो ऑफिसातून जायचा, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, सगळ्यांना सारखा. संबंध साहेबांचे, उधारी ऑफिसाची. आणि काम सुरू होतानाच एका पानाचं पत्र: काय करणार, काय करणार नाही, किती घेणार, कधी घेणार. ऑडिटच्या मानकांनुसार असं पत्र लागतंच. पण बऱ्याच ठिकाणी ते फाईल पूर्ण करायला सप्टेंबरात मागच्या तारखेनं बनतं.

तारखांवरून आठवलं. या व्यवसायाचं कॅलेंडर दिल्लीत ठरतं आणि सण वसईत येतात. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, अनंत चतुर्दशी २८ ला. टॅक्स ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर. ऑफिसातली निम्मी मुलं मूळची कोकणातली. त्यांना "गावी जाऊ नका" म्हणणारा साहेब पुढच्या गणपतीला एकटाच उरतो. तीच गोष्ट नाताळची. जीएसटीच्या वार्षिक विवरणाची मुदत ३१ डिसेंबर, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत २४ ते १ तारीख कोणी कामाचं नाव काढत नाही. २०२४ मध्ये तर ईस्टर ३१ मार्चलाच आला होता. ज्या ऑफिसात हिंदू, ख्रिस्ती, गुजराती, उत्तरेकडची, सगळीच माणसं मिसळून आहेत, तिथं आपोआप एक सोय होते: गणपतीत अमुक सांभाळतो, नाताळात तमुक. शहर इतकं मिश्र आहे, तर ऑफिसही तसं असलेलं परवडतं. त्याच्या जोडीला पावसाळा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, लोकल बंद पडल्या, वीजही गेली. त्या वर्षी रिटर्नची ३१ जुलैची मुदत नंतर महिनाभर वाढली. पण ती वाढेल हे पाण्यात उभं असताना कोणाला ठाऊक होतं? तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्यांनी त्यानंतर तो वर नेला.

वाढीच्या आड येणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच टिकवणारीही आहे: सहीला नाही म्हणणं. १९१३ साली शिकागोत सुरू झालेली आर्थर अँडरसन ही पेढी एकेकाळी जगातल्या पाच मोठ्यांपैकी एक होती, माणसं सुमारे ८५ हजार. तिचा एक गिऱ्हाईक एन्रॉन. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे आपल्याला हे नाव वेगळं सांगायला नको. एन्रॉनचे कागद फाडल्याच्या प्रकरणात २००२ मध्ये पेढी दोषी ठरली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. पण तोवर पेढी उरलीच नव्हती. गिऱ्हाइकं आणि माणसं तीन वर्षं आधीच निघून गेली होती. सल्लागाराकडे विकायला विश्वासाशिवाय दुसरा माल नसतो, त्यामुळे अपिलात जिंकूनही गोदाम रिकामंच.

वसई-विरारला याची आठवण दुसरीकडून करून द्यायला नको. नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरीतल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. ते काम २०२५ च्या सुरुवातीला संपलं. घर घेताना साधा माणूस कागद दाखवायला वकिलाकडे, आर्किटेक्टकडे, सीएकडे येतो. त्या वेळी "सगळे घेतात, तुम्हीही घ्या" म्हणणारा सल्लागार लोकप्रिय होतो आणि "हे कागद मला पटत नाहीत" म्हणणाऱ्याचं गिऱ्हाईक बाजूच्या जिन्यात जातं. सीएंच्या बनावट प्रमाणपत्रांना आळा बसावा म्हणून २०१९ पासून प्रत्येक सहीला १८ अंकी युडीआयएन क्रमांक लागतो. त्यामुळे सही कोणाची, हे बँकेला तपासता येतं. सही करण्याआधी कागद बघितला होता का, हे त्या क्रमांकातून कळत नाही. ते ऑफिसाच्या सवयीवर असतं, आणि सवय साहेबांना बघून लागते. साहेबांनी एकदा आर्टिकलसमोर डोळेझाक केली की चाळीस प्रश्नांची यादी रद्दीत गेली म्हणून समजा.

एवढं सगळं जमलं तरी एका सहीवर ऑफिस किती चालणार? टॅक्स ऑडिटची मर्यादाच एका सीएला वर्षाला साठ अशी आहे. बँकांच्या शाखांची ऑडिटं मिळतात ती रिझर्व्ह बँकेच्या निकषांवर. त्यात पेढ्यांचे चार वर्ग पडतात आणि भागीदार किती, सीए किती, पेढी किती जुनी, हे बघितलं जातं. एकट्या माणसाला वरच्या वर्गात जागा नाही. म्हणून भागीदार हवा. १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार भागीदारीत वीसपेक्षा जास्त माणसं घेता येत नसत, आणि मोठ्या पेढ्यांचा हा जुना सल होता. २००८ च्या कायद्यानं आलेल्या मर्यादित दायित्व भागीदारीत तसली अट नाही. वसईत ती अट कोणाला नडल्याचं ऐकिवात नाही. इथं दोघं टिकवणंच कठीण.

दोन ऑफिसं एकत्र येतात तेव्हा भांडण टक्क्यांवरून होईल असं वाटतं. टक्के एका बैठकीत ठरतात. भांडण होतं ते फायलींना नावं कशी द्यायची यावर, कोणाचा जुना सीनियर कोणाचं ऐकणार यावर, आणि एकाचे साहेब सकाळी नऊला येतात, दुसऱ्याचे साडेअकराला, यावर. सनदी लेखापालांच्या संस्थेनं यासाठी एक शहाणी तरतूद केलीय: विलीन झालेल्या पेढ्यांना पाच वर्षांच्या आत वेगळं व्हायचं असेल तर आपलं जुनं नाव आणि जुनी ज्येष्ठता घेऊन परत जाता येतं. माहेरी परतायची वाट उघडी ठेवल्यासारखं. काही परततात. पुण्याच्या कीर्तने अँड पंडितसारख्या १९५६ पासूनच्या पेढ्या बघितल्या की कळतं, पाटीवरच्या नावाची माणसं नसतानाही पेढी चालू शकते. वसईत तसं उदाहरण शोधायचं तर सीएंच्या ऑफिसांपेक्षा पापडीच्या बॅसीन कॅथलिक बँकेकडे बोट जातं. १९१८ ची ती, आणि तिथं खातेदार "साहेब आहेत का" असं विचारत नाही. खिडकी उघडी आहे का, एवढंच बघतो. सल्लागाराला खिडकी होता येत नाही, हे खरं. कोणीतरी माणूस लागतोच.

माझ्या आर्टिकलशिपच्या ऑफिसात मागच्या महिन्यात गेलो होतो. शेजारच्या टेबलावर बसणारी ती मुलगी फायनल पास होऊन काही वर्षं बाहेर राहिली आणि मग तिथंच भागीदार म्हणून परत आली. आतली केबिन आता तिची. साहेबांनी गुडघ्यांमुळे आपलं टेबल दाराजवळ घेतलंय. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात सातिवलीचा एक गाळेवाला वर आला, चपला काढता काढता आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम आहेत का?"

"बाहेर गेल्यात," साहेब म्हणाले. "बोला ना, मी आहे."

त्यानं साहेबांकडे बघून कसनुसं हसून घेतलं. "नको, मी उद्या येतो."